पंडिता रमाबाई आणि त्यांचे गुरुजन



सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड मागे पडले की काही वेळाने केडगाव नावाचे छोटे स्टेशन लागते. बहुतेक जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ते नाव खिडकीतून वाचले असेल आणि पुण्याला उतरायच्या गडबडीत ते विसरूनही गेले असेल. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते याच केडगावचे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. त्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने आम्ही हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या. इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. त्यांचे कार्य बहुतेकांना ऐकून माहीत आहे. आज आम्हाला त्यांच्या आयुष्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. रमाबाईंना ज्यांनी शिकवले, आसरा दिला, त्या गुरुजनांशी त्यांचे नाते कसे होते? आणि पुढे त्या स्वतः गुरू झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखालच्या मुलींशी ते कसे राहिले? आपल्या धर्मग्रामात शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे तरुण-तरुणी आहेत. त्यांना या गोष्टीतून काही मिळेल असे आम्हाला वाटते.

पहाटेची शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. ते पाहून अनंतशास्त्रींच्या मनाने घेतले की आपल्या पत्नीलाही शिकवायचे. त्या काळी हे मोठेच धाडस होते. नातेवाईक रागावले, समाजाने तोंड फिरवले, धर्मसभेपुढे उभे राहून शास्त्राधाराने उत्तर द्यावे लागले. शेवटी ते पत्नीला घेऊन रानात जाऊन राहिले.

ती पत्नी म्हणजे लक्ष्मीबाई. पतीकडून जे शिकल्या ते त्यांनी आपल्या मुलीला दिले. दिवसभर घरकाम असे, म्हणून पहाटे मुलीला मांडीवर घेऊन त्या श्लोक पाठ करवून घेत. त्यांच्या घरी विद्यार्थी शिकायला राहत, आणि अनंतशास्त्री नसले की त्या तरुण मुलांना लक्ष्मीबाईही शिकवीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे इंग्लंडमध्ये तिचा संबंध येणार आहे.

नंतरची वर्षे फार हालाची गेली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून फिरत होते. त्यातच दक्षिणेत दुष्काळ पडला. आई, वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. दुष्काळ म्हणजे काय हे सोलापूर जिल्ह्यातील माणसांना सांगायला नको. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पतीही कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. कडेवर तान्ही मुलगी घेऊन त्या महाराष्ट्रात आल्या.

सोलापूरशी नाते

पुण्यात १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. त्याच्या शाखा काढण्यासाठी त्या गावोगाव फिरल्या. त्यांत आपले सोलापूर होते, बार्शी आणि पंढरपूरही होते.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी शिकलेल्या स्त्री-शिक्षिका तयार कराव्यात, असे त्यांनी सांगितले. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. शाळा तपासायला येणारे पुरुष अधिकारी शिक्षिकेच्या राईएवढ्या चुकीचा पर्वत करतात, तिच्या चारित्र्यावर बोट ठेवतात आणि त्या बाईला स्वतःची बाजू मांडता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणून तपासनीसही स्त्रियाच असाव्यात अशी त्यांची मागणी होती. तसेच स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, असाही आग्रह त्यांनी धरला. वरच्या जागेवरचा माणूस खालच्या जागेवरच्या शिक्षिकेचे किती नुकसान करू शकतो, हे ही तरुण विधवा भर सभेत सांगत होती.

वाँटेजच्या सिस्टर्स

पुण्यात रमाबाईंचा परिचय वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाच्या सिस्टर्सशी झाला. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने त्या मनोरमाला घेऊन १८८३ साली इंग्लंडला गेल्या. प्रवासाच्या खर्चासाठी त्यांनी आपले स्त्रीधर्मनीती हे पुस्तक विकले. वाँटेजला सिस्टर्सनी त्यांना ठेवून घेतले. भारतात येणाऱ्या सिस्टर्सना रमाबाईंनी मराठी शिकवायचे आणि त्यांनी रमाबाईंना इंग्रजी शिकवायचे, असे ठरले. म्हणजे दोन्ही बाजूंना शिक्षक होते आणि दोन्ही बाजूंना विद्यार्थी. पण घर सिस्टर्सचे होते, अन्न सिस्टर्सचे होते आणि देशही त्यांचाच होता.

आपण ख्रिस्ती होणार नाही असे सांगून निघालेल्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. वाँटेजच्या सिस्टर्स पतित स्त्रियांची ज्या मायेने सेवा करीत, ती पाहून आपले मन हलले असे त्यांनी पुढे लिहिले आहे. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक माता झाल्या. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. पत्रांतूनही हाच मायना असे.

ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा विचार रमाबाईंना सोडावा लागला. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित कॉलेजात गेल्या. तेथे त्या इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकत आणि संस्कृत शिकवीत. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील या इंग्लंडमधील स्त्रीशिक्षणातल्या मोठ्या व्यक्ती होत्या. आता रमाबाईंना दोन गुरू झाल्या, आणि दोघींच्या रीतीत पुष्कळ फरक होता.

मतभेद कशावरून झाले?

पहिला वाद शिकवण्यावरून झाला. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही भाषा शिकवावी अशी सूचना पुढे आली होती. लाहोर आणि मुंबईच्या अँग्लिकन बिशपांनी त्याला विरोध केला. असे केले तर भारतात तिची किंमत कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. सिस्टर जेराल्डीन यांनाही तेच पटले. रमाबाईंना मात्र याचे फार आश्चर्य वाटले. आपली आई तरुण विद्यार्थ्यांना शिकवीत असे, आपण स्वतः भारतात पुरुषांच्या सभेत बोललो, आणि वडिलांनी, भावाने किंवा पतीने कधी हरकत घेतली नाही. मग आपल्या देशाबद्दल आपल्याला न विचारता दुसऱ्यांनीच हा निर्णय कसा घ्यावा? असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

दुसरा वाद साध्या वाटणाऱ्या गोष्टींवरून झाला. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेला पदार्थही खात नसत. सिस्टरना त्यात जातीचा अभिमान दिसे. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती आपल्याला वाचता येत नाहीत, मग आपल्या संस्कृतपेक्षा लॅटिन पवित्र कशी, असे रमाबाईंनी विचारले. आज आपल्याला हा प्रश्न उद्धटपणाचा वाटणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपण मिस्सा मराठीत ऐकतो, मराठीत गातो, आणि त्यात देवाचा काही अपमान होतो असे कोणाला वाटत नाही. पण रमाबाईंनी हे विचारले ते त्याच्या ऐंशी वर्षे आधी, परक्या देशात आणि दुसऱ्याच्या घरात राहून.

तिसरा वाद सर्वांत खोल होता. तो श्रद्धेविषयी होता. त्रैक्याचे रहस्य आणि चर्चचे काही मतांगीकार आपल्या बुद्धीला पटल्याशिवाय ते पटले असे म्हणायला रमाबाई तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटे. जिला आपण पाण्यातून नवा जन्म दिला तिने आपल्या आज्ञेत राहावे, असे त्यांना मनापासून वाटत होते. रमाबाईंचे उत्तर असे, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण नुकत्याच सुटलो आहोत. आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. देवाने सदसद्विवेकबुद्धी दिली आहे ती वापरण्यासाठीच. मनोरमाने काय शिकावे याचा निर्णयही आई म्हणून आपणच घेणार, हे त्यांनी निक्षून सांगितले.

आपण कॅथलिक आहोत. चर्चच्या शिकवणुकीबद्दलचे रमाबाईंचे सगळे विचार आपल्याला मान्य होणार नाहीत, आणि तसा आमचा आग्रहही नाही. पण श्रद्धा ही सक्तीने लादता येत नाही, सत्य माणसाच्या मनात सत्याच्याच बळावर उतरते, हे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले. रमाबाई यासाठीच झगडत होत्या.

मिस बील यांची रीत वेगळी होती. मतभेद त्यांचेही होते. त्या रमाबाईंना लांब लांब पत्रे लिहून धर्मशास्त्रावर चर्चा करीत, पण उत्तर ऐकून घेत. अशा बुद्धीच्या बाईला शंका येणारच, तिला घाई करू नये, असे त्या सिस्टरना समजावीत. पण निर्णय एकट्या मिस बील यांच्या हातात नव्हते.

सिस्टर जेराल्डीन यांना खलनायिका ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांनी रमाबाईंवर मनापासून प्रेम केले, आजारपणात काळजी घेतली, मनोरमाला नातीसारखे वाढवले. अडचण इतकीच होती, की आपण उपकार केले म्हणजे समोरच्याच्या मनावरही आपला हक्क झाला, असे त्यांना नकळत वाटू लागले. शिवाय एक गोरी आणि एक काळी, एक राज्यकर्त्यांची आणि एक प्रजेची, हा भेद दोघींच्या मध्ये कायम उभा होता. तो रमाबाईंना दिसत होता आणि सिस्टरना दिसत नव्हता. ज्याच्या हातात सत्ता असते त्याला ती सहसा दिसत नाही.

तरीही नाते तुटले नाही. रमाबाई भारतात परतल्यावरही आजीबाईंना पत्रे येत राहिली. आणि सिस्टर जेराल्डीन यांनी ती सारी पत्रे, स्वतःला बोचणारी पत्रेसुद्धा, जपून ठेवली आणि संगतवार लावली. १९७७ साली ती मुंबईत पुस्तकरूपाने छापली गेली. आज आपल्याला हा सारा इतिहास कळतो तो त्या गुरूने ती पत्रे फाडून टाकली नाहीत म्हणून. ही गोष्ट आम्हाला त्यांच्या मोठेपणाची वाटते.

रमाबाई स्वतः गुरू होतात

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला त्या हजर होत्या. तेथे त्यांनी बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकून घेतली. बोस्टनच्या लोकांनी मंडळ स्थापून विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले.

गोदूबाई या शारदासदनच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्वे यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापले. रमाबाईंनी लावलेले रोप असे दुसऱ्यांच्या अंगणातही वाढले. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत आणि त्यामुळे रमाबाईंच्या मनातील त्यांची जागा कमी झाली नाही.

पण याच शारदासदनात रमाबाईंचीही परीक्षा झाली. शाळेत धर्माची सक्ती करायची नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ताकडे झाला. पुण्यात मोठे वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी संबंध सोडला आणि बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेले.

आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून या प्रसंगाकडे डोळेझाक करू नये असे आम्हाला वाटते. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही, आणि आपली श्रद्धा लपवून ठेवण्याचे त्यांना कारणही नव्हते. पण ज्या मुलीला दुसरे घरच नाही तिला आपल्या आश्रयदात्या बाईंचे मन राखावेसे वाटणारच. वाँटेजला रमाबाई ज्या जागी होत्या त्या जागी आता या मुली होत्या, आणि रमाबाई आजीबाईंच्या जागी होत्या. दार उघडे असले तरी आत येणारी मुलगी किती मोकळी आहे, हे गुरूने पुन्हा पुन्हा तपासावे लागते. टीकाकारांचे सगळे बोलणे बरोबर नव्हते, पण हा प्रश्न खरा होता.

केडगाव

१८९६ नंतरच्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांतून केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. एके काळी तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे राहत होती. शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. दुष्काळाने ती भिंत पाडली. केडगावात सर्व जातींच्या मुली एका छताखाली आल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली. जिने पुस्तक पाहिले नव्हते ती दुसरीला अक्षरे शिकवू लागली. मुली शेती करीत, विणीत, आणि छापखान्यात खिळे जुळवीत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले ते या मुलींच्या हातांनी छापले गेले.

येथे आणखी एक नवल घडले. मिनी अब्राम्स यांच्यासारख्या परदेशी स्त्रिया केडगावला येऊन रमाबाईंच्या हाताखाली काम करू लागल्या. इंग्लंडमध्ये भारतीय बाईने काय शिकवावे हे गोरे लोक ठरवीत होते. केडगावात भारतीय बाई ठरवीत होती आणि गोऱ्या बाया ऐकत होत्या.

मनोरमा शिकून आली, शारदासदनची प्रमुख झाली आणि पुढे आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याची शाळाही तिने सांभाळली. सोलापूरच्या एका बाजूला केडगाव आणि दुसऱ्या बाजूला गुलबर्गा, अशी ही मायलेकींची कामे एकाच रेल्वे मार्गावर होती. आपल्यामागे हे सारे मनोरमा पाहील अशी रमाबाईंची आशा होती. पण १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी रमाबाईंनीही डोळे मिटले.

आपल्यासाठी

हे सारे जुने झाले असे म्हणता येणार नाही. आपल्या घरांतील किती मुली-मुलगे डी.एड., बी.एड. करून शाळेत लागतात. सराव पाठ घेताना मागच्या बाकावर कोणीतरी वही घेऊन बसलेले असते. शिक्षणसेवक म्हणून लागले तर पहिली वर्षे मानधनावर काढायची असतात, आणि कायम होणे वरिष्ठांच्या शेऱ्यावर अवलंबून असते. अशा वेळी मुख्याध्यापकांच्या घरचे काम असो की रविवारची जादा हजेरी असो, नाही म्हणायची त्या तरुण शिक्षिकेची हिंमत होत नाही. आपणही कधीकाळी तिच्या जागी होतो हे वरिष्ठ विसरतात. चर्चमध्येही तसेच. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या मुलीने अडचणीचा प्रश्न विचारला तर तिला गप्प बसवणे सोपे असते.

ज्येष्ठांना आम्ही नम्रपणे एवढेच सुचवू. आपल्या हाताखाली शिकणाऱ्याला तिचे मत विचारावे. तिचे टाचण तपासताना चुकीबरोबर चांगलेही सांगावे. आपण केलेली मदत तिच्यापुढे पुन्हा पुन्हा मोजू नये. आणि ती आपल्यापेक्षा वेगळ्या वाटेने गेली, तर सिस्टर जेराल्डीन यांनी पत्रे जपली तसे निदान नाते जपावे. तरुणांना सांगणे असे, की कृतज्ञता सोडू नका. रमाबाईंनी ठामपणे नकार दिला तरी मायन्यातले आजीबाई हे नाव खोडले नाही.

दर पवित्र गुरुवारी आपण वेदीसमोर पाय धुण्याचा विधी पाहतो. गुरू कमरेला पंचा बांधून शिष्यांपुढे वाकतो. पेत्राला ते पाहवले नाही. वर्षातून एकदा पाहतो म्हणून आपल्याला त्याची सवय होऊन गेली आहे. या वर्षी तो विधी पाहताना, आपल्या हाताखाली कोण शिकत आहे, कोण आपल्या शब्दाला घाबरून आहे, त्याचे नाव प्रत्येकाने मनात आणावे. आणि पुढच्या खेपेला पुण्याला जाताना गाडी केडगाववरून गेली, तर खिडकीतून त्या बाजूला पाहून त्या माउलीसाठी एक प्रार्थना म्हणावी.